कालचा पाढा आज कुठे जातो?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. अकरा महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. तिच्या कागदांत एक ओळ होती, 'जन्मदात्या आईला गरोदरपणात मद्यपानाची सवय.' मुलगी गोरीगोमटी, खेळती होती, त्यामुळे आम्ही ते मनावर घेतलं नाही. ती इतकं छान बोलते की नवख्या माणसाला ती वयापेक्षा मोठी वाटते. पण चारचा पाढा रविवारी घडाघडा म्हणते आणि सोमवारी पाटी कोरी. एकच चूक रोज करते. रागावलं की रडते, माफी मागते, तासाभराने पुन्हा तेच. हल्ली खोटंही बोलते. परवा वर्गातल्या एका मुलाची कंपासपेटी तिच्या दप्तरात निघाली. आधी म्हणाली त्यानेच दिली, मग म्हणाली बाईंनी दिली. बुद्ध्यांक ८८ आला, म्हणजे मतिमंद नाही असं सांगितलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असेल असंही कुणी म्हणालं. माझे यजमान म्हणतात मी लाडावून ठेवली आहे. सासूबाई म्हणतात, शेवटी रक्त आहे ते. आमचं नेमकं कुठे चुकलं?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी सुरुवातीलाच लिहिलीत आणि तिच्यावरून पुढे निघून गेलात. कागदातली ती ओळ. ती घेऊन बालविकासतज्ज्ञांकडे जा आणि त्यांना स्पष्ट विचारा, 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे एफएएसडी, असू शकेल का?' एफएएसडी म्हणजे आईने गरोदरपणात घेतलेल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूला झालेली इजा. निदान पत्रावरून होत नसतं, मी करतही नाही. पण तुम्ही लिहिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडून ऐकली आहे. पाढ्यासकट.

मुलगी गोरीगोमटी दिसते म्हणून तुम्ही निश्चिंत झालात. यात तुमचा दोष नाही, बरेच डॉक्टरही इथेच फसतात. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमुआन या बालरोगतज्ज्ञांनी मद्यपी आईवडिलांच्या १२७ मुलांविषयी लिहिलं. फ्रेंचमध्ये लिहिलं, फारसं कुणी वाचलं नाही. १९७३ साली सिअ‍ॅटलमधल्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्यांना दिसलेल्या मुलांचं वर्णन इंग्रजीत छापलं आणि 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. त्या वर्णनात चेहरा ठळक होता : डोळ्यांच्या फटी आखूड, नाक आणि ओठ यांच्यामधली उभी पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. तेव्हापासून सगळे चेहराच बघत बसले. गंमत अशी की चेहऱ्याची ही घडण गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या, साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच्या थोड्या दिवसांत बिघडते. मेंदू मात्र नऊच्या नऊ महिने घडत असतो. ते थोडे दिवस सोडून बाकी कधीही दारू पोटात गेली, तर चेहरा साधा राहतो आणि मेंदूला धक्का बसतो. अशी, चेहऱ्यावर काहीच न दिसणारी मुलंच बहुसंख्य आहेत.

हे मला पुस्तकातून कळलेलं होतं, तरी मी चुकले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत सात वर्षांच्या एका मुलाच्या अहवालात मी लिहिलं होतं, 'क्षमता आहे, इच्छा नाही.' आईच्या पिण्याचा उल्लेख त्याच्या फाइलमध्ये होता. मी तो वाचला होता. पण मुलाचा चेहरा छान, बोलणं चुरचुरीत, आणि मी मोकळी झाले. त्या चार शब्दांवर त्याला पुढे दोन वर्षं शिक्षा झाल्या. ती फाइल आता कुठे आहे माहीत नाही, माझं अक्षर मात्र डोळ्यांसमोर आहे.

आता पाढ्याकडे येऊ. आईच्या रक्तातली दारू वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, थेट बाळाकडे जाते आणि बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या जवळपास जातं. बाळाचं यकृत कच्चं, ते तिचा निचरा करू शकत नाही. गर्भजलातही ती रेंगाळते. त्या काळात मेंदूच्या पेशी जन्मत असतात आणि आपापल्या जागी सरकत असतात. काही मरतात, काही भलत्या जागी थांबतात. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस, दोन गोलार्धांना जोडणारा पूल, तोल आणि वेळ सांभाळणारा लहान मेंदू, आणि आवर घालणारा, आखणी करणारा कपाळामागचा भाग, यांच्यावर घाव बसल्याचं तपासण्यांमध्ये वारंवार दिसतं. म्हणून पाढा रविवारी आत जातो, पण सोमवारी हाक मारली की बाहेर येत नाही. मंगळवारी न मागता येईलही. 'काल येत होतं, म्हणजे आज मुद्दाम करते' हा हिशेब या मुलांना लागू पडत नाही. गणित तर यांचं खास दुखणं. फक्त पाढे नव्हेत, 'किती', 'किती वेळ', 'किती उरले' हा अंदाजच लागत नाही.

८८ या आकड्यावर विसंबू नका. बुद्ध्यांक चाचणी कशी होते आठवा. शांत खोली, समोर एकच मोठं माणूस, एका वेळी एक प्रश्न, पुढे काय करायचं ते तो माणूस सांगणार, मन भरकटलं तर हळूच परत आणणार. म्हणजे कपाळामागच्या मेंदूचं काम त्या खोलीत परीक्षकच करत असतो! वर्गात चाळीस मुलांत आणि घरी दप्तर भरताना तो परीक्षक नसतो. या मुलांचं रोजचं जगणं त्यांच्या बुद्ध्यांकापेक्षा बरंच मागे असतं, आणि नेमकी ही दरीच तपासायला हवी. म्हणून पुढच्या वेळी नुसता बुद्ध्यांक मागू नका. रोजच्या व्यवहारातली कौशल्यं मोजणारी व्हाइनलँडसारखी श्रेणी, स्मरणशक्तीची चाचणी, नियोजन आणि आवर यांची चाचणी, हे नाव घेऊन मागा.

छान बोलण्याचंही तसंच. यांचं बोलणं समजण्याच्या पुढे धावतं. 'कळलं का?' विचारलंत तर 'हो' येईल, कारण 'हो' म्हटलं की मोठी माणसं खूश होतात एवढं तिला पक्कं कळलेलं असतं. त्याऐवजी 'करून दाखव' म्हणा. मग समजेल की पाच शब्दांतले दोनच पोचले होते.

आणि खोटं. खोटं बोलायला काय लागतं बघा : खरं काय घडलं ते आठवायचं, समोरच्याला काय माहीत आहे ते ताडायचं, आणि या दोन्हींमधून पटेल अशी तिसरी गोष्ट रचून ती टिकवायची. तुमच्या मुलीने एका बैठकीत दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, त्याही तुम्हाला सहज पडताळता येतील अशा. मुरलेला खोटारडा असं करत नाही. तिला नीट आठवत नाही, तुम्ही उत्तर मागता आहात, तुमच्या चेहऱ्यावर राग आहे, मग मेंदू हाताला लागेल ते ठिगळ लावून देतो. तिला स्वतःला ते खरं वाटत असतं. शिवाय 'माझं' आणि 'त्याचं' ही मालकी डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट हिला कळायला जड. हातात आली ती माझी. तेव्हा 'का घेतलीस?' हा प्रश्न घरातून हद्दपार करा. 'ही त्याची आहे. चल, दोघी मिळून परत देऊ,' एवढंच, सपाट आवाजात. तिच्या प्रत्येक वस्तूवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. चिकटपट्टी नाही ती वस्तू आपली नाही. बाईंनाही हे सांगून ठेवा.

शिक्षेचं म्हणाल तर सकाळच्या चुकीसाठी संध्याकाळी टीव्ही बंद, याचा तिला पत्ताच लागत नाही. तिच्या लेखी टीव्ही उगाच बंद झाला. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लागू करणंही जमत नाही. गरम तव्याला हात लावू नये हे शिकली, म्हणून इस्त्रीपासून लांब राहील असं धरू नका. इस्त्रीचा धडा वेगळा.

मग करायचं काय? एका वेळी एक सूचना, आणि दर वेळी त्याच शब्दांत. तुम्ही 'दप्तर आवर', आजी 'पसारा उचल' आणि बाबा 'वह्या भर' म्हणालात तर ती तीन वेगळी कामं झाली. घरात सगळ्यांनी मिळून शब्द ठरवा. सकाळच्या कामांची चित्रं ओळीने भिंतीवर लावा, झालेल्या कामाचं चित्र तिने उलटं करायचं. वेळ सांगायला घड्याळाऐवजी वाळूचं घड्याळ, संपताना दिसतं ते. बेत बदलणार असेल तर आधी सांगा, मग पुन्हा सांगा. आवाज, गर्दी, टोचणारे कपडे यांनी ती बिथरत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा. या मुलांसोबत काम करणारे एक ढोबळ अंदाज वापरतात : मूल अडकलं की त्याच्या निम्म्या वयाचं समजून वागायचं. नऊ वर्षांच्या मुलीकडून साडेचार वर्षांच्या समजुतीची अपेक्षा धरलीत की अर्धी भांडणं होणारच नाहीत. आणि हो, ती चिडून कोसळते ती बहुधा संध्याकाळी, दिवसभर वर्गात स्वतःला सावरून दमल्यावर. तेव्हा पाढे नकोत.

एडीएचडी सोबत असू शकतो, या मुलांमध्ये तो खूप आढळतो. पण तेवढ्यावर थांबू नका. नुसत्या एडीएचडीत लक्ष टिकवणं कठीण जातं. यांच्यात नवी माहिती आत घेणं आणि एका विचारावरून दुसऱ्यावर वळणं जास्त अडतं. औषध द्यायचं ठरलं तर गर्भातल्या मद्याबद्दल डॉक्टरांना सांगाच, कारण गुण येण्यात फरक पडू शकतो.

यजमानांना सांगा, लाडाने हिप्पोकॅम्पस बिघडत नाही. सासूबाईंना काय सांगावं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, पण हे रक्तातून आलेलं नाही, वारेतून आलेलं आहे. १९९६ साली सिअ‍ॅटलमध्ये अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांनी अशा चारशेहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा केली होती. कुणाची शाळा सुटते, कुणाचं मन ढासळतं, कोण कायद्याच्या कचाट्यात सापडतं, हे पाहताना दोन गोष्टी मुलांना वाचवताना दिसल्या. सहाव्या वर्षाच्या आत झालेलं निदान ही एक. ती वेळ टळली आहे, तरी निदान आजही हवंच. दुसरी गोष्ट म्हणजे स्थिर, मायेचं घर. ते तिला अकराव्या महिन्यापासून मिळतं आहे. तुम्ही विचारलंत कुठे चुकलं. मला तरी एकच चूक दिसते, तो कागद आठ वर्षं कपाटात राहिला. आता काढा.

प्रश्न : मला सातवा आठवडा आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधी ऑफिसच्या दोन पार्ट्यांमध्ये मी वाइन घेतली, एकदा दोन ग्लास, एकदा तीन. तेव्हापासून झोप नाही. इंटरनेटवर वाचून वाटतं की हे बाळ ठेवूच नये.

उत्तर : आधी झोपा. मग वाचा, आणि इंटरनेट नको.

गरोदरपणात दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक ठरलेलं नाही, म्हणून 'काही होत नाही गं' असं मी म्हणणार नाही. पण दारूशी संपर्क आलेलं प्रत्येक बाळ बाधित होतं, हेही खरं नाही. २०१७ साली जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून काढलेला अंदाज असा की गरोदरपणात दारू घेतलेल्या सुमारे तेरा स्त्रियांमागे एका बाळाला एफएएसडी होतो. त्या तेरांत रोज पिणाऱ्या, शेवटपर्यंत पिणाऱ्या सगळ्या आल्या. किती घेतली, एका बैठकीत किती, किती महिने, आईचं पोषण, तिची आणि बाळाची जनुकं, या सगळ्यांचा वाटा असतो. एकाच गर्भातल्या एकसारख्या नसलेल्या जुळ्यांपैकी एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी फटका बसल्याची उदाहरणं आहेत, दारू तीच असून. दोन पार्ट्यांवरून बाळ ठेवायचं की नाही हा निर्णय घेऊ नका.

आज थांबलात, हे खरं काम झालं. मेंदूचं बांधकाम पुढे सात महिने चालणार आहे. आता तारखा आणि ग्लास एका कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात द्या. लाजू नका, त्यांना ते हवं असतं. बाळ झाल्यावर हाच कागद बालरोगतज्ज्ञांना. वाढ वेळेवर असली तरी तो जपून ठेवा.

'वाइन सौम्य असते ना?' असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारणाऱ्या पुष्कळ असतात. सुमारे १५० मिलिलिटर वाइन, ३५० मिलिलिटर बिअर आणि ४५ मिलिलिटर व्हिस्की यांत अल्कोहोल जवळपास सारखंच असतं. बाळाला बाटली दिसत नाही.

हे वाचणाऱ्या कुणाला रोज प्यायची सवय असेल तर तिच्यासाठी वेगळं : एकदम, एकटीने बंद करू नका. अंग थरथरणं, झटके येणं असा त्रास होऊ शकतो आणि तो आई-बाळ दोघांना धोक्याचा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवा, पण लगेच.

प्रश्न : नवरा पीत असेल, बायको नसेल, तर बाळाला एफएएसडी होतो का?

उत्तर : नाही. एफएएसडी हा गर्भात पोचलेल्या दारूमुळेच होतो. वडिलांच्या पिण्याचा बीजावर परिणाम होतो का, यावर प्राण्यांमध्ये संशोधन चालू आहे, पण तो वेगळा विषय. नवऱ्याचा हात असतो तो दुसरीकडे. 'एकाने काय होतंय, घे' असं म्हणणारा बरेचदा तोच असतो. नऊ महिने घरात बाटली न आणणं त्याला जमण्यासारखं आहे.

प्रश्न : ताई, तुमच्याकडे दत्तक मुलांच्या आया लिहितात. मी दुसऱ्या बाजूची आई आहे. मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या वेळी मी पाचव्या महिन्यापर्यंत प्यायले. दहा वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. त्याला मित्र म्हणतील ते तो करतो. गेल्या महिन्यात मोठ्या मुलांनी कुणाची तरी सायकल उचलली आणि ती त्याच्या हातात देऊन त्याला उभं केलं. तो पळालाच नाही, विचारल्यावर 'हो, मीच' म्हणाला. माझ्या पिण्याबद्दल डॉक्टरांना कधी बोलले नाही. आणि त्याला सांगू का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दहा वर्षं ही सोपी गोष्ट नाही.

डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. चेहऱ्यावर खुणा नसतील तर गर्भातल्या मद्याची खात्रीशीर माहिती असल्याशिवाय हे निदान होतच नाही, आणि ती माहिती जगात एकट्या तुमच्याकडे आहे. तुम्ही गप्प राहिलात तर तो आयुष्यभर 'उनाड' राहील. एखाद्या डॉक्टरचा चेहरा बदलला तर दुसरा डॉक्टर शोधा.

सायकलीचं मला जास्त टोचलं. या मुलांना दुसऱ्याने सुचवलेलं पटकन खरं वाटतं. दरडावून विचारलं की प्रश्न संपावा म्हणून ती 'हो' म्हणतात, आणि पुढे काय होईल हे त्या क्षणी दिसत नाही. त्याच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. एकच वाक्य घोटून घ्या : 'माझ्या आईला बोलवा, मग बोलतो.' नुसतं सांगून चालणार नाही. तुम्ही दरडावा, त्याला म्हणू द्या. दहा वेळा, घरात, रस्त्यावर, शाळेच्या फाटकापाशी. जागा बदलली की वाक्य हरवतं, म्हणून जागा बदलून. मोकळा वेळ रिकामा ठेवू नका. ज्या ठिकाणी कुणी मोठं माणूस असतं तिथे त्याला गुंतवा, पोहणं असो की तबला. या वयात 'एवढा मोठा झालास, आता तुझं तू बघ' म्हणायची घाई इतर आया करतील. तुम्ही करू नका.

त्याला सांगावं का? माझ्या मते सांगावं, निदान झाल्यावर. आपण मठ्ठ आहोत, वाईट आहोत, असं काहीतरी त्याने स्वतःबद्दल ठरवून टाकलेलं असणार, त्यापेक्षा खरं कारण बरं. मोठी कबुली नको, रडणं नको. तुम्ही रडलात तर तो तुम्हाला समजावत बसेल आणि मूळ गोष्ट राहून जाईल. चार छोटी वाक्यं पुरतात : 'तू पोटात होतास तेव्हा मी दारू पीत होते. त्याने तुझ्या मेंदूला इजा झाली, म्हणून काही गोष्टी तुला अवघड जातात. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. मी आता पीत नाही, आणि मी इथेच आहे.'

तो रागावेल कदाचित. कदाचित काहीच बोलणार नाही आणि खेळायला निघून जाईल. वाक्यं कागदावर लिहून ठेवा, कारण महिन्याभराने तो हाच प्रश्न नव्याने विचारेल, पहिल्यांदाच विचारतोय अशा चेहऱ्याने. तुम्हाला ते पुन्हा सांगावं लागेल, त्याच शब्दांत.